कुणी डिलीट केलं?

फाइल हरवली की शहाण्या माणसाला पहिला प्रश्न पडावा तो ‘परत मिळेल का?’ आपल्याकडे तो साधारण चौथ्या क्रमांकावर येतो. पहिला प्रश्न, ‘कुणी डिलीट केलं?’ दुसरा, ‘माझ्या कॉम्प्युटरला हात कुणी लावला होता?’ तिसरा खरं तर प्रश्नच नसतो. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असं ते निवेदन असतं आणि घरातल्या किमान दोन माणसांना ते एकाच वेळी करायचं असतं. मग ‘काय सांगितलं होतंस?’, ‘पेनड्राइव्हवर घेऊन ठेव म्हणून’, ‘पेनड्राइव्ह तूच नेलास ना ऑफिसात!’ अशी वळणं घेत गाडी मूळ फाइलपाशी येईपर्यंत जेवणाची वेळ होते. जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. फाइलचा विषय उद्यावर जातो.

ढगात फायली ठेवणाऱ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना ही रीत ठाऊक नसावी. असती, तर त्यांनी कचऱ्याच्या डब्याची मुदत अवघी तीस दिवस ठेवली नसती.

गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहते आणि मग कायमची जाते. पूर्वी असं नव्हतं. १३ ऑक्टोबर २०२० पर्यंत ड्राइव्हचा ट्रॅश आपण होऊन रिकामा करेपर्यंत तसाच राहत असे. आपल्या घरातल्या वस्तूंचे ‘हवं’ आणि ‘नको’ असे दोनच वर्ग कधीच नसतात, ‘असू दे’ हा तिसरा आणि सर्वांत मोठा वर्ग असतो. जुन्या काळच्या त्या ट्रॅशमध्ये कितीतरी मंडळींनी आपलं ‘असू दे’ सुखाने ठेवलं होतं. मुदतीचा नियम आला आणि ती सोय गेली. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर ६० दिवस मिळतात, बॅकअप न झालेला पुसला तर ३०. ॲपलच्या फोटोंना ३०. ड्रॉपबॉक्स साध्या गिऱ्हाइकाला ३० दिवस देतो आणि व्यवसायवाल्यांना निदान १८०. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ३० आणि ऑफिसच्या खात्यात ९३. त्र्याण्णव! नव्वद दिवसांची मुदत आपल्याला समजते, नोटिशीत वाचलेली असते. वरचे तीन दिवस म्हणजे शनिवार, रविवार आणि सोमवारी आलेली अनंत चतुर्दशी असणार. तिथे कुणीतरी मराठी माणूस कामाला आहे.

तीस दिवसांत काय काय होऊ शकत नाही, याचा अभ्यास सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याला फुकट करता येतो.

आमच्या सोसायटीचं सगळं दप्तर एका शेअर्ड फोल्डरमध्ये होतं. सभांची इतिवृत्तं, ऑडिट रिपोर्ट, पाण्याच्या टाकीची कोटेशनं, डीम्ड कन्व्हेयन्सचा पत्रव्यवहार, लिफ्टवाल्याला पाठवलेली आणि त्याने न वाचलेली पत्रं. कुठल्या कंपनीच्या ढगात, ते सांगत नाही. तिचा यात काडीचा दोष नाही. एके सकाळी खजिनदारांनी नेहमीची लिंक दाबली आणि फोल्डर सापडत नाही असं उत्तर आलं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, ऑडिटर मागे लागलेला. दहाच मिनिटांत ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, ‘सर्व सन्माननीय सभासदांना नम्र विनंती, ज्यांनी सोसायटीचे फोल्डर नेले असेल त्यांनी ते आज सायंकाळपर्यंत जागेवर आणून ठेवावे.’ आमच्याकडची लोखंडी शिडी अशाच मेसेजने परत येते, त्यामुळे शब्दरचना तयार होती.

शिडी येते. फोल्डर आलं नाही. तेव्हा रीतसर कमिटीची सभा लागली. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील सभेचं इतिवृत्त अर्थातच त्या फोल्डरमध्ये होतं. ते वाचल्याशिवाय विषय क्रमांक २ ला हात घालता येईना आणि विषय क्रमांक २ होता, ‘हरवलेल्या फोल्डरबाबत विचारविनिमय करणे’. उपविधी मोडून पुढे जायला चेअरमन तयार नव्हते. चहा झाला आणि सभा तहकूब झाली. पुढच्या सभेला कोरम भरला नाही. त्यापुढच्या सभेत, ज्यांच्याकडे फोल्डरचा ॲक्सेस होता त्या सर्वांकडून लेखी खुलासा मागवायचा असा ठराव मांडला गेला. ॲक्सेस कुणाकुणाकडे होता याची यादी कुठे होती, ते सांगायला नकोच.

दरम्यान सी विंगमधली एक बारावीची मुलगी, जिला या सभांना बसायचा अधिकार नाही, आपल्या बाबांना जेवायला बोलवायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, “काका, फोल्डरचा ओनर कोण आहे?”

“सोसायटी,” सेक्रेटरी म्हणाले.

“सोसायटीचं अकाउंट आहे?”

नव्हतं. हे फोल्डर करोनाच्या काळात तेव्हाच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या खात्यात उघडलं होतं आणि आम्हा सगळ्यांना शेअर केलं होतं. पुढे ते फ्लॅट विकून लेकीकडे बंगळुरूला गेले. फोल्डर मात्र त्यांच्याच नावावर राहिलं. जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे म्हणून वर्षानुवर्षं जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आमच्या संस्थेला, त्याच पत्रव्यवहाराचं फोल्डर कुणाच्या नावावर आहे हे बघायचं काही सुचलं नव्हतं. तिकडे बंगळुरूला काकांच्या खात्यातली फुकटची जागा भरली. ‘जागा संपत आली आहे’ असा इशारा आला. त्यांनी सगळ्यांत मोठी फोल्डरं वर येतील अशी मांडणी केली आणि पहिल्या क्रमांकावर, दोनशे पानी स्कॅनसह, आमची पाण्याची टाकी आली. त्यांनी आमचं काही पुसलं नव्हतं हो. स्वतःच्या खात्यातलं स्वतःचं पुसलं होतं. शेअर केलेली गोष्ट दिसते सगळ्यांना, पण मालकाने काढली की सगळ्यांचीच जाते आणि कचऱ्याचा डबाही मालकाच्याच घरात असतो. तो उपसायचा अधिकार जगात एकाच माणसाला होता. फ्लॅट विकताना ट्रान्सफर प्रीमियमवरून त्याच माणसाचा चेअरमनांशी अबोला झालेला होता.

आता फोन कुणी करायचा यावर आणखी काही दिवस गेले. चेअरमन करणार नाहीत. सेक्रेटरींनी केला तर तो चेअरमनांच्या वतीने केल्यासारखा होईल. खजिनदारांचा काका उचलत नाहीत. शेवटी फोन झाला तो वॉचमनच्या मोबाइलवरून, कारण काकांचा या इमारतीत त्या एकाच माणसाशी संबंध चांगला राहिला होता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ट्रॅश उघडला, राइट क्लिक केलं, ‘रिस्टोअर’ म्हटलं. एवढंच. महिनाभर तीन सभांनी जे झालं नाही ते काकांच्या एका बोटाने झालं. मग ते म्हणाले, “आता फोल्डर आलंच आहे तर त्यात माझं ट्रान्सफर प्रीमियमचं पत्रही असेल. पुढच्या सभेत वाचा.” वाचावं लागलं. विषय क्रमांक १ मध्येच त्याचा उल्लेख होता.

पुसण्यापेक्षा अवघड प्रकरण असतं चुकीचं सेव्ह करण्याचं. पुसलेलं निदान ‘नाही’ म्हणून कळतं. आमच्या खजिनदारांनी एकदा मेंटेनन्सच्या थकबाकीचा तक्ता नावांच्या अकारविल्हे लावला. फक्त नावांचा रकाना निवडला, आकड्यांचा राहिला. परिणामी ज्याच्यात्याच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाची थकबाकी येऊन बसली. फाइल जागेवर, आकडे खरे, बेरीजसुद्धा बरोबर. यावर ट्रॅशचा काही उपयोग नाही. इथे कामाला येते ती व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या जुन्या अवतारांची रांग. गूगल ड्राइव्ह साध्या फाइलचे जुने अवतार ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत धरून ठेवतो. बाकीच्या सेवांचंही थोड्याफार फरकाने असंच. सोय सोपी आहे. मागची तारीख निवडायची, जुनी फाइल परत आणायची. पण जुनी फाइल परत आणण्याला लेखी विरोध करणारे सात सभासद निघतील, हे हिस्टरीची सोय करणाऱ्यांना कसं कळावं? ज्यांची बाकी त्या उलथापालथीत बाराशेवर आली होती त्यांचं म्हणणं, नवीन तक्ता अधिक अचूक वाटतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो चांगला शिकल्यासवरलेल्यांचा आहे. ढगात आहे म्हणजे बॅकअप आहे, असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा ते नुसतं सिंक असतं. लॅपटॉपवर जे आहे तेच तिकडे, तिकडे जे आहे तेच मोबाइलवर. आरशात दुसरं मंगळसूत्र दिसतं म्हणून कुणी पहिलं सोनाराकडे मोडायला नेत नाही. इथे मात्र लोक ‘मोबाइलमधली जागा मोकळी करू, ढगात आहेच की’ म्हणून पाच वर्षांचे फोटो पुसतात, आणि ढग इतका आज्ञाधारक की तोही त्याच क्षणी ते पुसतो. मग साठ दिवसांनी वाढदिवसाला कोलाज करायला बसतात. अशा वेळी ढगाला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. सांगितलेलं काम इतक्या तत्परतेने करणारं दुसरं कुणी त्या घरात नसतं.

उलटही घडतं. ढगात गेलं असं वाटतं आणि ते गेलेलंच नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या ८४ व्या आवृत्तीत असाच घोळ झाला. लोकांना आपल्या काही महिन्यांच्या फायली दिसेनाशा झाल्या. कंपनीने पुढच्या आवृत्तीत त्या परत आणण्याचं खास बटण दिलं आणि तोवर ‘खातं तोडून पुन्हा जोडू नका, फोल्डर हलवू नका’ असं कळवलं. थोडक्यात, कशालाही हात लावू नका. घाबरलेल्या माणसाला पाळायला याहून कठीण सूचना नाही. फाइल गेली की आपण जो पहिला तासभर धडाधड बटणं दाबतो, त्यात गेलेल्या फाइलपेक्षा राहिलेल्या फायलींचं नुकसान जास्त होतं.

आणि सल्लागार. फाइल गेल्याची बातमी फुटली की ‘माझा मेव्हणा त्याच कंपनीत आहे, हैदराबादला’ असं म्हणणारा गृहस्थ दोन तासांत हजर होतो. मेव्हणा तिथे खरोखरच असतो, जाहिरातींच्या विभागात. तरी त्याला फोन लागतो, स्पीकरवर. तो बिचारा ‘ट्रॅशमध्ये बघितलंत का’ एवढंच विचारतो, आणि आपण इतक्या वरपर्यंत पोहोचूनही हेच ऐकायला मिळालं याचं सगळ्यांना वाईट वाटतं. ज्याला खरा फोन करायला हवा तो माणूस आपल्याच ऑफिसात तळमजल्यावर बसतो. गूगलच्या ऑफिस-खात्यात ट्रॅश रिकामा झाल्यावरही ॲडमिनला पुढचे २५ दिवस ते परत आणता येतं. ही गोष्ट ज्यांना कळली आहे ते ॲडमिनला दिवाळीला काजूकतली देतात. न कळलेले सोनपापडी देतात, तीही आदल्या वर्षीची.

मोठ्यांच्या घरीही हेच होतं, फक्त तिथे ते टेराबाइटमध्ये होतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका दमलेल्या इंजिनिअरने डेटाबेसचं एक फोल्डर पुसलं. दुय्यम सर्व्हरवरचं पुसायचं होतं, पुसलं मुख्य सर्व्हरवरचं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं. तोवर ३०० जीबीपैकी सुमारे साडेचार जीबी उरले होते. हरकत नाही, बॅकअपचे पाच मार्ग होते. एकेक करून पाचही उघडून पाहिले, एकही धड निघाला नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीशी ९.२ च्या भाषेत बोलत होता, म्हणून रोज मुकाट्याने अपयशी ठरत होता. तसं कळवणाऱ्या ईमेल तो पाठवायचा, पण त्या समोरच्या मेल सर्व्हरकडून नाकारल्या जात होत्या. वाचवलं ते एका सहज घेतलेल्या प्रतीने. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी साधारण सहा तासांपूर्वी ती घेऊन ठेवली होती.

मला यात भावतं ते पुढचं. या लोकांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, हजारो लोक बघत होते. नंतर सविस्तर अहवाल लिहिला. काय चुकलं, का चुकलं, किती वाजता चुकलं, सगळं त्यात आहे. ज्याने पुसलं त्याचा उल्लेख मात्र ‘टीम-मेंबर-१’. बस. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात विंग, फ्लॅट नंबर आणि ‘यापूर्वीही’ हा शब्द आला असता.

पिक्सारची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ चालू असताना कुणीतरी एक आज्ञा दिली आणि वुडीची टोपी, मग बूट, मग वुडी असं डोळ्यांदेखत नाहीसं होऊ लागलं. बॅकअप बिघडलेले. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेला नुकतंच बाळ झालेलं, म्हणून ती घरून काम करत असे आणि घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून व्होल्वो गाडीतून स्टुडिओत आणला गेला. सोबत पोलीसबंदोबस्त तेवढा नव्हता. पुढे २०२३ च्या नोकरकपातीत कंपनीने ज्यांना काढलं त्यांत सुसमनबाईही होत्या. त्या कारवाईला रिस्टोअर नव्हतं.

माझी आवडती कहाणी मात्र ऑस्ट्रेलियाची. मे २०२४. युनिसुपर हा तिथला पेन्शन फंड, सहा लाखांहून जास्त सभासद. त्यांचं बरंचसं गूगल क्लाउडवर, दोन वेगवेगळ्या भौगोलिक ठिकाणी, म्हणजे एकीकडे आग लागली तरी दुसरीकडे सुखरूप. एके दिवशी दोन्हीकडचं एकदम नाहीसं झालं. कारण काय? त्यांची व्यवस्था उभी करताना गूगलच्या माणसांनी कंपनीच्या आतल्या एका साधनात एक रकाना रिकामा सोडला होता. रिकामा सोडल्यामुळे यंत्राने आपल्या मनाने एक वर्षाची मुदत धरली. वर्ष भरलं, यंत्राने पुसलं. गिऱ्हाइकाने पुसायला सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याला पूर्वसूचनाही गेली नाही. हा प्रकार आपल्या तहसील कचेरीत होणं शक्य नव्हतं. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात पतीचं नाव हा रकाना अविवाहित मुलाने कोरा सोडला तरी अर्ज परत येतो. ‘लागू नाही’ लिहा, सही करा, मगच खिडकीवर या. त्या अर्जावर कितीही हसा, एक वर्षाने तुमचं पेन्शन कुणी पुसत नाही. युनिसुपर वाचलं ते तिसऱ्याच एका कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता म्हणून, आणि सभासदांना आपली खाती पुन्हा दिसायला आठवडाभर लागला. गूगल क्लाउडच्या आणि युनिसुपरच्या मुख्य अधिकाऱ्यांनी मिळून संयुक्त निवेदन काढलं. चूक करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो, दोघांची सही एकाच कागदावर. हे दृश्य बघायला मी आमच्या चेअरमनांना आणि बंगळुरूच्या काकांना स्वखर्चाने न्यायला तयार आहे.

दक्षिण कोरियाच्या सरकारने तर ‘कामाच्या फायली ऑफिसच्या पीसीवर ठेवू नका, सरकारी ढगातच ठेवा’ असं कर्मचाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीमुळे आग लागली आणि ८५८ टेराबाइटचा तो ढग जळाला. बाहेर त्याचा बॅकअप नव्हता. का नव्हता, तर आकार फार मोठा होता. मग शोधाशोध सुरू झाली ती ईमेलांची आणि छापील कागदांची. ज्यांनी आदेश न पाळता प्रिंट काढून कपाटात ठेवल्या असतील, त्यांना त्या आठवड्यात किती मान मिळाला असेल! आपल्याकडे असे लोक प्रत्येक खात्यात आहेत. त्यांना आपण ‘अजून कागद-कागद करतात’ म्हणून हसतो.

फायली हरवणाऱ्या सगळ्यांसाठी एक नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. ३-२-१. कॉम्प्युटरवाले हा नियम फार आदराने सांगतात आणि स्वतः पाळत नाहीत. तो तंतोतंत पाळणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, ती म्हणजे माझी मावशी. तिने क्रोगचं नाव ऐकलेलं नाही. ती बँकेतून निवृत्त झाली आहे.

मावशीचा मोबाइल बादलीत पडला. नवा आला. आता व्हॉट्सॲप परत आणायचं होतं. तिच्या नातवाने मागे कधीतरी, सुरक्षेच्या उत्साहात, तिच्या बॅकअपला कुलूप घालून ठेवलं होतं. ही सोय २०२१ मध्ये आली. तेव्हा कुलूप पासवर्डचं असे नाहीतर ६४ अंकी किल्लीचं, आणि ती हरवली तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. नातवाने अर्थातच ६४ अंकी निवडली होती. स्वतः तो आता जर्मनीत. मी घाबरत विचारलं, “मावशी, तो नंबर...”

“कुठला आणू?” मावशी म्हणाली. “वहीतला, की लॉकरमधला?”

एक प्रत रेसिपींच्या वहीत, अनारशांच्या पानामागे. एक नातवाकडे फोटो काढून. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एफडीच्या पावत्यांबरोबर पाकिटात. पाकिटावर तारीख आणि सही.

मग आम्ही बसलो. ती वाचत होती, मी टाकत होतो. त्यात शून्य ते नऊ आकडे असतात आणि ए ते एफ अक्षरं. “सात, चार, एफ, शून्य, शून्य, बी...”

“बी की सहा? नीट बघ.”

“जन्मभर आकडे काढलेत मी. सहाची पाठ वाकलेली असते, बीची ताठ. टाक पुढे.”

पहिल्या फटक्यात उघडलं. मोबाइल थरथरला आणि सुप्रभात यायला लागले. गुलाबाचं फूल आणि दवबिंदू, वाफाळता चहा, गणपती, पुन्हा दवबिंदू. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप २०२४ पासून गूगलच्या १५ जीबीत मोजला जातो, आणि मावशीच्या खात्यातले निम्मे जीबी दवबिंदूंचे असावेत. मी म्हटलं, “आता हे सगळं पुसून टाकू या का? जागा होईल.”

“खबरदार हात लावलास तर. आधी वन्संचं चॅट काढ. मार्चमधलं.”

तेव्हा कळलं की एवढा खटाटोप सुप्रभातांसाठी नव्हता. आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब होता एक, माळ्यावर पडलेला. ‘तूच ठेव, आम्हाला कुठे जागा आहे’ असं वन्संनी मावशीला लिहून कळवलं होतं. पुढे वन्संच्या सुनेने कुठल्याशा रिसॉर्टच्या दारात अशाच बंबात लावलेलं फुलझाड पाहिलं, आणि वन्सं म्हणू लागल्या, मी असं कधी लिहिलंच नाही.

मी मार्चपर्यंत गेलो. होळीच्या शुभेच्छा, पुरणपोळीचा फोटो, मावशीचा प्रश्न, ‘बंबाचं काय करायचं?’ त्याखाली वन्संचं उत्तर. करड्या अक्षरांत, ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला.’ पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून पुसायला व्हॉट्सॲप दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ देतं, वन्संना तेवढा पुरला होता. बॅकअपने तो तसाच, पुसलेला, जपून ठेवला होता.

मावशीला कसं सांगावं ते मला कळेना. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने चष्मा वर करून वाचलं.

“बघ!” ती म्हणाली. “म्हणजे लिहिलं होतं. याचा फोटो काढ, एक प्रिंट काढून आण, आणि लॉकरवाल्या पाकिटात अजून जागा आहे का ते बघते मी.”